पंगतीतला अपराधी

अशी कल्पना करा. गावात लग्न आहे. दुपारी १२ वाजता पंगत बसली आणि १२० माणसे जेवली. मसालेभात, अळूची भाजी, पुरी, बासुंदी आणि मठ्ठा असा बेत होता. दोनच्या सुमारास एकाला उलटी झाली. संध्याकाळी सहापर्यंत ४८ जण आजारी पडले. मळमळ, उलट्या, पोटात मुरडा आणि काहींना जुलाब अशी लक्षणे होती. ताप मात्र जवळजवळ कोणालाच नव्हता.

गावात लगेच चर्चा सुरू होते. कोणी म्हणते, विहिरीचे पाणी बाधले. कोणी मठ्ठ्याला दोष देतो, तर कोणी म्हणतो दृष्ट लागली. खरा अपराधी कसा शोधायचा? ह्याचे एक शास्त्र आहे. त्याला लागणारे गणित तुम्हांला सातवीतच शिकवलेले असते.

पहिला साक्षीदार : घड्याळ

दूषित अन्न पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जो काळ जातो, त्याला अधिशयन काल म्हणतात. हा काळ प्रत्येक जंतूचा वेगळा असतो, आणि त्याला कारण आहे.

काही जंतू अन्नातच वाढतात आणि तेथेच विष तयार करून ठेवतात. असे अन्न खाल्ले की आयते विषच पोटात जाते. त्यामुळे १ ते ६ तासांतच उलट्या सुरू होतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि बॅसिलस सीरियस हे ह्या प्रकारचे जंतू आहेत.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू आतड्यात पोहोचल्यावर विष सोडतो. त्याला ६ ते २४ तास लागतात. पोटात कळा आणि जुलाब होतात, पण उलट्या व ताप सहसा नसतात. मोठ्या पातेल्यात शिजवून तसाच ठेवलेला मांसाचा रस्सा ही त्याची आवडती जागा आहे.

साल्मोनेला, शिगेला ह्यांसारख्या जंतूंना आतड्यात शिरून वाढावे लागते. साल्मोनेलाला ६ तास ते ३ दिवस लागतात, तर शिगेलाला साधारण १ ते ३ दिवस. ह्यांत ताप येतो. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू काही तासांपासून ५ दिवसांपर्यंत वेळ घेतो. अमीबाच्या आमांशाला तर पुष्कळदा २ ते ४ आठवडे लागतात.

आता आपल्या पंगतीकडे पाहा. २ ते ६ तास, उलट्या जास्त, ताप नाही. म्हणजे आयत्या विषाचा प्रकार दिसतो. पण संशयित दोन उरतात. बॅसिलस सीरियसचे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत, आणि भात उबेत राहिला की ते वाढू लागतात. स्टॅफिलोकॉकस बहुधा स्वयंपाक्याच्या पिकलेल्या बोटावरून किंवा नाकातून येतो आणि दुधाच्या पदार्थांत फोफावतो. मग दोष मसालेभाताचा की बासुंदीचा?

दुसरा साक्षीदार : कोष्टक

घाईत एक चूक होते. केवळ आजाऱ्यांनाच विचारले, तर ४८ पैकी ४५ जणांनी बासुंदी खाल्ली होती आणि ४४ जणांनी मसालेभात. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच! म्हणून जे आजारी पडले नाहीत, त्यांनाही विचारले पाहिजे. तसे विचारून हे कोष्टक तयार झाले असे समजू :

बासुंदी खाल्लेले ६०, त्यांपैकी आजारी ४५, म्हणजे ७५ टक्के.
बासुंदी न खाल्लेले ६०, त्यांपैकी आजारी ३, म्हणजे ५ टक्के.

मसालेभात खाल्लेले ११०, त्यांपैकी आजारी ४४, म्हणजे ४० टक्के.
मसालेभात न खाल्लेले १०, त्यांपैकी आजारी ४, म्हणजे ४० टक्के.

भात खाल्ला काय किंवा न खाल्ला काय, आजारी पडण्याचे प्रमाण तेच राहिले. भात निर्दोष ठरला. बासुंदीच्या बाबतीत मात्र प्रमाण १५ पट आहे. बासुंदी खाऊनही १५ जण बरे राहिले, कारण प्रत्येकाने सारखी बासुंदी खाल्ली नव्हती. न खाल्लेल्यांपैकी तिघे आजारी पडले, कारण कोणी एखादा घास विसरतो, तर कोणाचे पोट अन्य कारणाने बिघडलेले असते. शास्त्रात पुरावा शंभर टक्के जुळावा लागतो असे नाही. तो कोणत्या बाजूला झुकतो हे पाहावे लागते.

तुम्ही म्हणाल, बासुंदी तर उकळलेली होती! होय, पण आदल्या रात्री. मोठ्या पातेल्यातील दूध हळूहळू निवते. त्यात हात लागला आणि जंतू पडले. उबेत दर अर्ध्या तासाला ते दुप्पट झाले असे धरले, तर एका जंतूचे १० तासांत १० लाखांहून अधिक जंतू होतात. सकाळी पुन्हा उकळी आणली तर जंतू मरतील, पण त्यांनी तयार केलेले विष उकळूनही टिकते. म्हणून अन्न ५ अंश सेल्सियसपेक्षा थंड किंवा ६० अंशांपेक्षा गरम ठेवावे. मधल्या तापमानात जंतूंची चैन असते.

तिसरा साक्षीदार : जुलाबाचे रूप

डॉक्टर ‘शौचाला कसे होते?’ असे विचारतात, तेव्हा लाजू नका. त्या उत्तरातून आतड्याच्या कोणत्या भागात बिघाड आहे हे कळते.

लहान आतड्यात बिघाड असेल, तर जुलाब पाण्यासारखे आणि पुष्कळ होतात. पटकीत ते तांदळाच्या धुवणासारखे दिसतात. पटकीचा जंतू आतड्याला जखम करीत नाही. त्याच्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकू लागतात आणि क्षारांमागून पाणी वाहते. हे काम जंतूच्या विषाचेच आहे, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे ह्यांनी १९५९ साली सिद्ध केले. त्यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात घातला, तरीही आतडे पाण्याने फुगले.

मोठ्या आतड्याला जखमा झाल्या, तर थोडे थोडे पण वारंवार होते, कुंथावे लागते, आव आणि रक्त पडते. हा आमांश. तापासह तो झपाट्याने आला, तर शिगेलाचा संशय घ्यावा. हा जंतू जपानच्या कियोशी शिगा ह्यांनी १८९७ साली शोधला. आमांश हळूहळू आला आणि ताप फारसा नसला, तर अमीबाचाही विचार करावा लागतो.

चौथा साक्षीदार : प्रयोगशाळा

आतापर्यंत आपण तर्क केला. आता खात्री करायची. अमीबासाठी ताजे शौच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तांबड्या रक्तपेशी गिळलेला हलता अमीबा दिसला, की निदान पक्के होते.

जीवाणूंसाठी त्यांना खाद्य घालून वाढवावे लागते. येथे रसायनशास्त्र मदतीला येते. मॅकॉन्की नावाच्या माध्यमात लॅक्टोज ही दुधातील साखर आणि एक सूचक रंग असतो. आतड्यातला नेहमीचा रहिवासी ई. कोलाय लॅक्टोज आंबवून आम्ल तयार करतो, म्हणून त्याच्या वसाहती गुलाबी दिसतात. साल्मोनेला आणि शिगेला सहसा ती आंबवत नाहीत, म्हणून त्यांच्या वसाहती बिनरंगी राहतात. पटकीच्या जंतूसाठी वेगळे माध्यम असते. त्यात तो साधी साखर आंबवतो आणि पिवळ्या वसाहती देतो.

विषाणू अशा खाद्यावर वाढत नाहीत. लहान मुलांना जुलाब करणारा रोटाव्हायरस १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसला. तो चाकासारखा दिसतो, म्हणून त्याला लॅटिन भाषेतील चाकाचे नाव मिळाले. आज त्यावर लस आहे. पीसीआर चाचणीने जंतूंची जनुकीय खूणही काही तासांत ओळखता येते. पण जंतू सापडला म्हणजे तोच अपराधी असे नव्हे. निरोगी माणसाच्या पोटातही असे जंतू असू शकतात. घड्याळ, कोष्टक आणि लक्षणे ह्यांच्याशी मेळ बसला पाहिजे.

आपल्या पंगतीत उरलेल्या बासुंदीत स्टॅफिलोकॉकस किंवा त्याचे विष सापडले आणि स्वयंपाक्याच्या बोटावरील फोडातही तोच जंतू निघाला, की तपास पूर्ण झाला.

निदानाआधी पाणी

मित्रांनो, सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. प्रयोगशाळेचे उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात, पण पटकीचा रोगी काही तासांतच दगावू शकतो. तो जंतूमुळे मरत नाही, तर शरीरातील पाणी आणि क्षार गेल्यामुळे मरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आजही जगात पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुले दरवर्षी जुलाबांनी दगावतात.

डोळे खोल गेले आहेत का? तोंड कोरडे आहे का? लघवी कमी झाली आहे का? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश पूर्ववत होते का? मूल गळून गेले आहे का? ही चिन्हे कोणालाही पाहता येतात.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. बनगाव येथे शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस ह्यांनी साखर आणि क्षार पाण्यात विरघळवून रोग्यांना पाजायला सुरुवात केली. तेथे आधी सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. आतडे कितीही गळत असले, तरी ग्लुकोजच्या सोबत मीठ शोषण्याची त्याची वाट चालूच असते आणि मिठामागून पाणी आत जाते. ही त्या साध्या द्रवाची किमया आहे.

ओआरएसची पुडी नसेल, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. मीठ कधीही जास्त घालू नका. तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध बंद करू नका. जुलाबात रक्त पडत असेल, ताप असेल, उलट्या थांबत नसतील किंवा रोगी सुस्त झाला असेल, तर ताबडतोब दवाखाना गाठा. पाण्यासारख्या बहुतेक जुलाबांत प्रतिजैविकांची गरज नसते, म्हणून ती मनाने घेऊ नका.

तुम्हीच तपास करा

१. वसतिगृहात सोमवारी रात्री ८ वाजता मटणाचा रस्सा वाढला. तो दुपारीच शिजवून पातेल्यात ठेवला होता. मंगळवारी सकाळी ६ ते ८ ह्या वेळात अनेकांना कळा व जुलाब सुरू झाले. उलट्या नाहीत, ताप नाही. संशय कोणावर?

२. ८० जणांच्या सहलीत भेळ खाल्लेल्या ५० पैकी १० आजारी पडले आणि न खाल्लेल्या ३० पैकी ६. भेळ दोषी आहे का?

कोष्टक मांडा, टक्केवारी काढा आणि वर्गात आपल्या शिक्षकांपुढे उत्तराचे कारण सांगा. लक्षात ठेवा, नुसते नाव सांगून चालणार नाही. पुरावाही सांगावा लागेल.