जबानी कोणाची?

चि. ताईस,

फौजदारी कायदा आणि भाषा यांच्या संबंधावर संशोधन करून पुढे अध्यापनातच आयुष्य वेचण्याचा तुझा निश्चय कळला, आणि ज्याची ३५ वर्षे न्यायालयाच्या दफ्तरात गेली त्या मला मनापासून आनंद झाला.

'माझे सांगणेप्रमाणे लिहिला असून बरोबर व खरा आहे' हे पोलिसांनी घेतलेल्या जबाबाअखेरचे वाक्य मी सहस्रावधी वेळा वाचले. परंतु जिने 'सदर इसम' हे शब्द जन्मात उच्चारले नसतील अशा शेतमजूर बाईच्या तोंडी ते पानोपान येतात, तेव्हा त्यातले सांगणे तिचे किती आणि लिहिणाऱ्या अंमलदाराचे किती, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही. ते तू विचार.

असा प्रश्न इंग्लंडात विचारला गेला आहे. तिथे क्रॉयडन येथे १९५२ साली एका पोलीस शिपायाचा खून झाला. गोळी झाडणारा १६ वर्षांचा म्हणून फाशीतून वाचला, आणि त्याचा १९ वर्षांचा साथीदार डेरेक बेंटले २८ जानेवारी १९५३ रोजी फासावर गेला. त्याची जबानी प्रश्न न विचारता, त्याच्याच शब्दांत घेतली, असे पोलिसांनी शपथेवर सांगितले होते. पुढे माल्कम कुल्टहार्ड या भाषाशास्त्रज्ञांनी त्या जबानीच्या ५८२ शब्दांत 'मग' या अर्थाचा शब्द १० वेळा आलेला दाखवला, आणि तोही बहुधा 'मी मग' असा कर्त्यामागून, जशी पोलिसांच्या लेखनाची धाटणी असते तसा. दोषसिद्धी १९९८ साली रद्द झाली, ती मात्र मुख्यतः न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेल्या सदोष मार्गदर्शनामुळे. तेव्हा आपल्या शास्त्राला न शोभणारे श्रेय त्याच्या पदरी कधी बांधू नकोस.

मराठीत तर हे काम पडूनच आहे. 'त्यानं त्याला मारलं' एवढ्या वाक्यात चापटही मावते आणि खूनही. सदोष मनुष्यवध आणि खून यांतला भेद ज्या इराद्यावर पुष्कळदा ठरतो, तो इरादा 'जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने' या शब्दांनी कागदावर येतो तो साक्षीदाराच्या मुखातून की अंमलदाराच्या लेखणीतून, हे ऐकल्यावाचून कळणार नाही.

म्हणून प्रबंधाची घाई न करता काही महिने इथल्या न्यायालयात बैस. साक्षीदार पिंजऱ्यातून बोलेल ते अक्षरशः उतरून घे आणि नोंदलेल्या साक्षीशी ताडून पाहा. मे महिन्यात न्यायालयास सुट्टी असते, तेव्हा जूनमध्ये ये. माडीवरची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे.

तुझा,
मामा