आधी तोंड, मग हात

परवा देवळाच्या पायरीवर तू विचारलंस, "आबा, पखवाजावर हात फास्ट कसा करायचा?" हरिपाठाची वेळ झाली होती म्हणून नुसता हसलो. आता सवडीनं सांगतो. काही माझ्या गुरुजींचं आहे, काही चुकतमाकत मला सापडलेलं.

तुमच्या एमआयडीसीत मशीनचा वेग वाढवायला बटण असतं म्हणे. पण त्याआधी कुठं काय घासतंय ते बघावं लागत असेलच ना? हाताचंही तेच. तुझं घासतंय ते खांद्यात. गजर चढला की तुझे खांदे कानाला लागतात. शिवाय 'ता' मारताना हात वीतभर उचलतोस. ठाय लयीत ते शोभून दिसतं, पण चौपटीत तो हात वरून खाली यायलाच वेळ उरत नाही. मग तू ओढाताण करतोस आणि तिलाच वेग समजतोस. हात चार बोटं उचल, मनगटातून. आमचे गुरुजी वाजवता वाजवता मागून येऊन खांदा चाचपायचे. कडक लागला की म्हणायचे, ऊठ, पाणी पिऊन ये. तुझ्याकडे आरसा आहे, मोबाईल आहे. स्वतःला एकदा बघ, म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

आता पहिली गोष्ट, जी तुला सगळ्यात कंटाळवाणी वाटेल. त, दी, थुं, ना. तुला वाटतं हे झालं केव्हाच. मग मला तोंडानं म्हणून दाखव, हातानं मात्रा देत, वीस आवर्तनं, मध्ये श्वास न अडकता. तिट कत गदि गन जिभेवर लोळलं पाहिजे. जिथं जीभ अडखळते नेमकी तिथंच बोटं अडखळतात, हे मी पन्नास वर्षं पाहत आलोय. जुने पखवाजी याला पढंत म्हणतात, आणि त्याला पखवाज लागत नाही. मी चौताल पाठ केला तो उसाला दारं धरताना. वीज रात्रीची, पाणी सऱ्यांतून सावकाश चाललेलं, दुसरं करण्यासारखं काही नाही. बारा मात्रा, पहिली, पाचवी, नववी आणि अकरावी या टाळीच्या, तिसरी आणि सातवी खाली. टाळीला फावड्याच्या दांड्यावर थाप, खालीला हात हवेत. शेजारच्या वावरातल्या माणसाला वाटायचं, हा भूत लागल्यासारखा काय बडबडतो. तू गाडीवर कामाला जातोस, हेल्मेटमध्ये कोण ऐकतंय? म्हण. फक्त हात हँडलवरून काढू नकोस.

मग लय. मोबाईलमध्ये तो टकटक करणारा मेट्रोनोम आहे ना, त्याला मी नावं ठेवत नाही. आमच्याकडे घड्याळाच्या लोलकाखेरीज काही नव्हतं, असता तर मीही घेतला असता. तो मिनिटाला 40 वर लाव आणि साधा भजनी ठेका धर. आठ मात्रा, म्हणजे एक आवर्तन 12 सेकंदांचं. वीस आवर्तनं केलीस तर चार मिनिटं झाली. करून बघ. पहिल्या मिनिटातच कळेल की हात पुढं पळतोय आणि टकटक मागं राहतेय. दोन मात्रांच्या मध्ये जो रिकामा काळ असतो तो अंगावर येतो, म्हणून आपण घाई करतो. उगाच हात चालवून तो बुजवू नकोस. मनातल्या मनात प्रत्येक मात्रेचे चार भाग कर, ति-ट-क-त, आणि बरोबर पुढच्या मात्रेवर उतर. ज्याला 40 वर बसता येत नाही त्याचा 120 चा हात मी खरा मानत नाही. तो धावत नसतो, घरंगळत असतो.

इथं दहा आवर्तनं स्वच्छ आली की 4 नं चढव. एकही अक्षर मळलं तर 8 नं उतर. उतरायला लाजू नकोस, तिथं बघायला कोणी नाही. थोडा हिशेबही सांगतो, तुला हिशेब आवडतो. 60 च्या लयीत चौगुन म्हणजे सेकंदाला चार अक्षरं, 120 च्या लयीत आठ. तू मला ज्या पोराचा व्हिडिओ दाखवलास त्याची आठही अक्षरं मोजता येतात, म्हणून तो गोड लागतो. तुझी सहा येतात आणि दोन गिळली जातात. ऐकणाऱ्याला ते सांगता येत नाही, पण तो मान डोलवायचा थांबतो.

आणि रोज नवं परण शोधू नकोस. टाकळी हाजीच्या बाजूनं कुकडीच्या पात्रात उतरून रांजणखळगे पाहिलेत ना आपण? तो कठीण कातळ नुसत्या पाण्यानं कोरला नाही. पाण्याच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे त्याच एका जागी फिरत राहिले, म्हणून एवढे रांजण झाले. तुझा गोटा रोज जागा बदलतो. एक रेला घे, दिवाळीपर्यंत तोच.

डाव्या हाताचं बोलायचं राहिलंच. उजव्याला शाई, किनार, सगळं कौतुक. डावा बिचारा धूम करत बसलेला. उजवा हात मांडीखाली दाबून धर आणि नुसता डावा दहा मिनिटं वाजव. डाव्या बाजूला लावलेल्या कणकेवर पंजा पडला की लगेच उचलायचा. तिथं रेंगाळला की नाद आतल्या आत मरतो आणि 'धूम'चं 'धप' होतं. कणीक मऊसूत मळ, पोळीच्या कणकेपेक्षा सैल. तासाभरानं सुकायला लागते, तेव्हा पाण्याचं बोट लाव. वाजवून झालं की खरवडून काढ. रात्रभर ठेवलीस तर मुंग्या लागतात, कातडंही खराब होतं. सुराचं एवढंच लक्षात ठेव की पेटीचा षड्ज लागल्यावर हातोडी घ्यायची, आधी नाही. काकड्याला गार हवेत जुळवलेला पखवाज दुपारी चढलेला असतो.

शेजारी रात्रपाळी करून झोपलेला असतो, रियाज कुठं करू, हे तुझं रडगाणं मला मान्य आहे. घडी केलेल्या गोधडीवर वाजव. गोधडी हाताला उसळी देत नाही, म्हणून बोटं आपलं आपण उचलायला शिकतात. पण नुसत्या गोधडीवर भुलू नकोस, शेवटची दहा मिनिटं कातड्यावर हवीतच, नाहीतर नादाची ओळख राहत नाही. बोटं भरून आली, जड झाली तर चालू दे. मनगटात कळ मारली तर त्याच क्षणी बंद. दुखऱ्या हातानं वाजवण्यात काही मर्दुमकी नाही, मी ती करून दोन महिने घरी बसलोय.

तुझे मित्र ढोलपथकात आहेत, भाद्रपदात तूही जाशील. जा. ताशाच्या काड्यांनी मनगट छान सुटतं, हे मी मान्य करतो. कानात मात्र बोळे घाल. बहिऱ्या वादकाला साथ करता येत नाही.

बैठकीतला हात दिंडीत टिकेलच असं नाही, हेही सांगून ठेवतो. तुकोबांची पालखी यवत-वरवंडवरून आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यातून जाते. त्या वाटेवर मी पखवाज गळ्यात घालून चाललोय. ओझं मानेवर, पाय चिखलात, आणि पावसानं कातडं सैल होऊन सूर उतरलेला. तिथं बोटांची करामत उपयोगी पडत नाही, पाऊल आणि ठेका एकच झालेले असावे लागतात. म्हणून घरी उभं राहून, जागच्या जागी पावलं टाकत वाजव. आणि पखवाजावर प्लास्टिक घे, भाविकपणा दाखवत भिजवू नकोस.

आता माझी फजिती. मी तुझ्याच वयाचा होतो. सप्ताहात गजर रंगात आला होता आणि मला नवी चक्रदार आली होती. कोणी मागितली नव्हती, तरी टाकली. तीन फेऱ्या म्हणता म्हणता हिशेब चुकला, समेवर सगळे आले आणि मी एक मात्रा मागं. तीसचाळीस टाळ एकदम अडखळले. विणेकऱ्यांनी रागावून नाही, नुसतं वळून माझ्याकडे पाहिलं. ते मला अजून दिसतं. घरी आल्यावर गुरुजींनी चक्रदारीची चूक काढली नाही. एवढंच विचारलं, "तू टाळकऱ्यांच्या हातांकडे शेवटचं कधी पाहिलंस?"

मी पाहिलंच नव्हतं. मी माझ्याच बोटांकडे बघत होतो. त्यानंतर गुरुजींनी वर्षभर मला पखवाजाला हात लावू दिला नाही, टाळकऱ्यांच्या रांगेत मागं उभं केलं. चाल हळूहळू कशी चढते, कुठला टाळकरी ओढतो, कुठला रेटतो, कीर्तनकार बोलायला लागले की पखवाजानं कसं गप्प व्हायचं, हे सगळं तिथं कळलं. तुला वर्ष काढायला सांगत नाही, तुझ्या पाळ्या मला ठाऊक आहेत. पण एक सप्ताह तरी काढ.

उद्या तुझी दुसरी पाळी आहे ना? मग पहाटे काकड्याला ये. पखवाज घरी ठेव, टाळ घेऊन ये.