काकांचे घर स्वस्तात मिळतेय, तरी २ लाख कशाला?

प्रश्न : मूलमधले काकांचे घर बाजारभावाने २८ लाखांचे आहे; मला ते २० लाखांत देताहेत. सुटलेले ८ लाख माझा हिस्सा धरून बँक पूर्ण २० लाख देईल ना?
– एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही. करारातली किंमत आणि मूल्यांककाने काढलेली किंमत, यांतली कमी असेल ती बँक साधारणपणे धरते. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ९० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १८ लाख. उरलेले २ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क वेगळे. रेडी रेकनरचे मूल्य २० लाखांहून जास्त निघाले, तर ते त्यावर लागेल. कर्ज वाढावे म्हणून करारात किंमत फुगवू नका.

सवलतीवर प्राप्तिकराची धास्ती नको. सख्खे काका कायद्याने नातेवाईक ठरतात. चुलतभाऊ मात्र नाही. काकांचा भांडवली नफा सरकारी मूल्यावर मोजला जाऊ शकतो, हे त्यांना आधीच सांगा.

खरी काळजी जमिनीची घ्या. आखीव पत्रिका किंवा सातबारा काढा. नझूलची किंवा भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल, तर परवानगीच्या अटी तपासा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. इसार त्यानंतरच द्या.