गॅस संपत नाही गं, गळतो

अगं, आज चारोटीच्या टोलनाक्यावरून तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज पार सुकला होता. मागे चिकूचे क्रेट, शेजारी लेक पेंगुळलेली, आणि पिकअपचा एसी नुसती गरम हवा फेकतोय. "ताई, उद्या तलासरीत थांबून गॅस भरून घेते," म्हणालीस. भर, पण त्याआधी माझं जरा ऐकून घे.

आमच्या गाडीत एका उन्हाळ्यात आम्ही दोनदा गॅस भरला. दोन्ही वेळा आठ-दहा दिवस मजेत गेले, मग पुन्हा तेच. "गेला कुठे गॅस?" मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "संपतो तो." हे तेवढं डोक्यातून काढून टाक. डिझेल जळतं म्हणून संपतं. एसीचा गॅस जळत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसर, असा तोच गॅस बंद पाइपातून फिरत राहतो. रबरी पाइपातून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ते वेगळं. पण एका मोसमात रिकामा झाला तर कुठेतरी गळती आहेच. आणि कधी कधी गॅस भरपूर असतो, दुखणं भलतंच असतं.

म्हणून आधी एवढंच बघ, की हवा कधी गरम होते? चालत्या गाडीत गार, पण टोलच्या रांगेत किंवा दापचरीच्या नाक्यावर उभी राहिली की गरम, असं असेल तर कंडेन्सरला वारा मिळत नाहीये. पंखा बंद असेल, नाहीतर जाळी चोंदली असेल. सुरुवातीला छान गार, तासाभराने हवेचा जोरच मंदावतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा गार, असं असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. केबिन फिल्टर असला तर तो काढून झटक, आणि कॉइलचा सेन्सर तपासून घे.

सुरुवातीपासूनच गरम असेल तर बोनेट उघड. ओढणी कमरेला घट्ट खोच, वेणी बांध, चालत्या पट्ट्याजवळ हात नेऊ नकोस. लेकीला एसीचं बटण दाबायला सांग आणि कान दे. कॉम्प्रेसरचा क्लच 'टक्' करून आत ओढला जातो आणि पुलीचं पुढचं तोंडही फिरायला लागतं. टक् झालंच नाही तर फ्यूज आणि रिले बघायला सांग. तिथे सगळं ठीक असेल तर बहुधा गॅस इतका कमी झालाय की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. क्लच लागला, तर इंजिन बंद करून लगेच केबिनकडे जाणारा जाड पाइप हाताने बघ. तो गार आणि घामेजलेला हवा. आपल्या दमट हवेत तर त्यावरून पाणी ठिबकायला हवं. कोमट लागला तर गॅस कमी आहे किंवा कॉम्प्रेसर थकलाय.

आता आपल्याकडचं खास दुखणं. तुझी गाडी बोर्डी-घोलवडला खाऱ्या वाऱ्यात उभी असते, आणि दिवसभर हायवेची धूळ खाते. त्यात मध्ये तू गवताचे भारे वाहिलेस. आमच्या गाडीची पुढची जाळी काढली तेव्हा कंडेन्सर दिसतच नव्हता. गवताच्या काड्या, किडे आणि धूळ यांची गोधडीच झाली होती. खाली अ‍ॅल्युमिनियमवर मिठासारखी पांढरी भुकटी. इंजिन थंड असताना साध्या नळीने, हलक्या धारेने सरळ पाणी मारलं. जोराची धार मारू नकोस, कंडेन्सरचे पातळ पापुद्रे वाकतात आणि वाट आणखी बंद होते. धुतल्यावर एका कोपऱ्यात, पाइपाच्या जोडाशी, तेलकट काळा डाग उरला. बोट फिरवलं तर चिकट. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं, म्हणून गॅस सुटतो तिथे तेल दिसतं आणि त्यावर धूळ बसते. दोनदा गॅस भरला, पण त्या कोपऱ्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. झिजली होती एक बारीकशी ओ-रिंग.

पुढचं काम मात्र घरी करू नकोस. बाहेर पडणारा गॅस कातडी आणि डोळे गोठवून जाळतो. एसीचं काम जाणणाऱ्याकडे जा आणि समोर उभी राहा. कमी आणि जास्त दाबाचे दोन्ही मीटर लावायला सांग. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. जास्त दाबाचा काटा फारच वर असेल तर कंडेन्सर चोंदलाय किंवा गॅस जास्त भरलाय. जास्त गॅसनेही हवा गरमच येते, हे लक्षात ठेव. कमी दाबाचा वर आणि जास्त दाबाचा खाली असेल तर कॉम्प्रेसर गेला. गळती नायट्रोजन भरून, साबणाच्या फेसाने शोधू दे. पाइप उघडला असेल तर ओल शोषणारा ड्रायर नवा घाल. आपल्या हवेतली वाफ आत राहिली तर बारीक व्हॉल्व्हमध्ये तिचा बर्फ होतो. मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम मारू दे आणि नंतर काटा हलत नाही ना, ते स्वतः बघ. गॅस गाडीवरच्या स्टिकरवर लिहिला असेल तोच आणि तेवढाच, वजनकाट्यावर तोलून. बिलावर ग्रॅम लिहून घे. स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणारे भेटतील, तिथून सरळ निघून ये. तो पेट घेतो, आणि केबिनमध्ये तुझी लेक बसते.

आणि सासरी कुणी "एसी म्हणजे चोचले" म्हणालं, तर मनाला लावून घेऊ नकोस. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, तो चालकाला उकाड्यात ग्लानी येते म्हणूनच. आपली छोटी पिकअप त्या नियमात बसत नाही, पण मे महिन्यातलं दुपारचं ऊन तिला काही सूट देत नाही. शिवाय गाडीतला आर-१३४ए गॅस हवेत सुटला की कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. गळतं ते भरत राहणं म्हणजे आपल्याच वाडीचं ऊन वाढवणं.

तेव्हा उद्या गॅरेजमध्ये "गॅस भरा" म्हणू नकोस. "आधी गळती दाखवा," म्हण. आणि काम झालं की मला फोन कर. मी वाट बघते.