कोय फोडण्याआधी

रत्नागिरी

चि. चिन्मय,

तुझ्या आईचा फोन होता. घरात येईल त्या फळाची बी तू वरवंट्याने फोडतोस आणि ओटा घाण करतोस, अशी तिची तक्रार. मी तिला म्हटलं, फोडू दे. तुला मात्र थोडं सांगायचं आहे.

वरवंटा घाई करतो. तुमच्या कॉलनीतल्या देशी बदामाची बी ठेचलीस तर हाती भुगा येतो. तीच कडेने हळूहळू फोडलीस आणि गर अख्खा निघाला, तर त्याच्या दोन डाळी वळकटीसारख्या एकमेकींभोवती गुंडाळलेल्या दिसतील. आंब्याची कोय आधी उन्हात चांगली वाळव आणि मग बाबांना अडकित्त्याने तिची कड कापून द्यायला सांग. आणि फोडण्याआधी आत काय असेल याचा अंदाज वहीत लिही. अंदाज न लिहिता बघितलं की जे दिसेल ते आपल्याला आधीच ठाऊक होतं असं वाटू लागतं.

एखाद्या कोयीत तुला गर किडलेला आणि त्यात सोंडेचा काळपट भुंगा बसलेला सापडेल. फळाला भोक नाही, डाग नाही, मग हा आत शिरला कुठून? कैरी लहान असताना मादी तिच्या सालीवर अंडं घालते. अळी गरातून थेट कोयीत जाते, आणि कैरी वाढते तशी अळीची वाट भरून येते. सालीवर काहीच दिसत नाही. म्हणून पेटीतला कुठला आंबा किडका हे भल्याभल्या बागायतदाराला वरून सांगता येत नाही.

भारतीय आंब्याला अमेरिकेने बरीच वर्षं दार बंद ठेवलं, त्यामागे अशा किडींची भीती होती. गरम पाण्याने सालीजवळच्या फळमाशीचा बंदोबस्त होतो. कोयीपर्यंत तेवढी उष्णता न्यायची तर आंबाच शिजायचा. यावरचा उपाय तुझ्या घराजवळचा आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अन्नावर गॅमा किरणांचा मारा करण्याचं काम कित्येक दशकं चाललं आहे. त्यांनी लासलगावला 2002 साली ‘कृषक’ हे केंद्र उभारलं, ते मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. तिथेच 2007 साली हापूसच्या पेट्यांना किमान 400 ग्रेची मात्रा देऊन त्या अमेरिकेला पाठवल्या. कोबाल्ट-60 चे किरण पेटी, साल, गर, कोय सगळ्यांतून आरपार जातात. भुंगा लगेच मरेलच असं नाही, पण त्याची पुढची पिढी होत नाही. आणि आंबा किरणोत्सारी होत नाही, हे तुझ्या वर्गात कुणी उलट बोललं तर ठामपणे सांग. या कामाचा मला फार अभिमान वाटतो.

हापूसच्या गरात होणारा साका नावाचा दोषही असाच वरून न दिसणारा. अभ्यासकांनी त्याचं मूळ कोयीत शोधलं: फळ झाडावर असतानाच कोय रुजायच्या तयारीला लागते आणि भोवतीच्या गरातलं पाणी ओढून घेते. आम्ही बागायतदार इतकी वर्षं गराकडेच बघत होतो! दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याआधीच साका न होणारा ‘रत्ना’ काढला, आणि रत्ना व हापूस यांच्या संकरातून ‘सिंधू’. सिंधूची कोय अगदी पातळ असते.

एक सक्त ताकीद. सापडेल तो गर तोंडात टाकायचा नाही. जर्दाळूच्या बीतला गर बदामासारखा दिसतो, पण कडू निघाला तर त्यातून पोटात सायनाइड तयार होतं. आईला विचारल्याशिवाय काहीही चाखू नकोस.

पुढच्या पेटीत हापूसबरोबर दोन सिंधू घालतो आहे. खूण करणार नाही. आधी वहीत अंदाज लिही, मग काप, आणि किती जमले ते कळव.

तुझा,
काका