जुन्या शीतगृहांतील वायु बदलतांना घ्यावयाची खबरदारी

द्राक्षांसारखा नाशवंत माल पडत्या भावानें न विकतां शीतगृहांत ठेवण्याची सोय आतां पुष्कळ बागाइतदारांनीं केली आहे. यांपैकीं बऱ्याच जुन्या, लहान शीतगृहांच्या यंत्रांत 'आर-२२' नांवाचा वायु असतो. त्याविषयीं मालकांस माहिती असणें अगत्याचें आहे.

या वायूंत क्लोरीन असून तो हवेंत सुटल्यास ओझोनच्या थरास क्षीण करतो. म्हणून १९८७ सालच्या माँट्रियल करारान्वयें तो टप्प्याटप्प्यानें बंद होत आहे. भारतासारख्या देशांत २०३० पासून केवळ जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता अल्पांश, तोही २०४० पर्यंतच, मिळावयाचा आहे.

मग यंत्र आजच मोडीत काढावें काय? तसें मुळींच नाहीं. हा वायु वापरानें झिजत नाहीं. बंदिस्त नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. वरचेवर भर घालावी लागत असेल, तर यंत्रास गळती आहे असें समजावें. ती प्रथम बुजवावी. गळक्या यंत्रांत महाग वायु भरणें म्हणजे फुटक्या मोटेनें पाणी ओढणें होय.

बदल करणेंच प्राप्त झाल्यास 'आर-४०७ सी' हा तीन घटकांचा मिश्र वायु पुष्कळदां योजतात. परंतु एक काढून दुसरा भरला, इतक्यानें काम होत नाहीं. पुढील गोष्टी कारागिराकडून समक्ष करवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, जुना वायु हवेंत न सोडतां टाकींत काढून घ्यावा.

दुसरी गोष्ट तेलाची. नवा वायु जुन्या खनिज तेलांत मिसळत नाहीं. त्यामुळें तेल नळ्यांत अडकून काँप्रेसर कोरडा पडतो. म्हणून पॉलिओलएस्टर तेल घालावें. जुन्या तेलाचा अंश शेंकडा पांचांच्या खालीं येण्यास तें बहुधा दोन-तीन वेळां बदलावें लागतें. हें तेल ओलावा झपाट्यानें शोषतें; सबब डबा उघडा ठेवूं नये.

तिसरी गोष्ट, रबरी वॉशर व ड्रायर नवे बसवावे, आणि नायट्रोजन दाबून गळती तपासल्यावर पंपानें नळ्या पूर्ण निर्वात कराव्या.

चौथी गोष्ट, मिश्र वायु टाकींतून द्रवरूपानेंच काढून भरावा. बाष्परूपानें काढल्यास घटकांचें प्रमाण बिघडतें.

स्वस्त म्हणून प्रोपेन भरूं देऊं नये. तो ज्वालाग्राही आहे व जुनें यंत्र त्यासाठीं केलेलें नसतें. अमोनिया तांब्याच्या नळ्यांस खातो. तोही वर्ज्य समजावा.

नवा वायुही कायमचा नव्हे. त्यानें पृथ्वीचें तापमान वाढतें. म्हणून २०१६ च्या किगाली ठरावान्वयें भारतास अशा वायूंचा वापर २०३२ पासून उतरवावयाचा आहे. यास्तव काँप्रेसर थकला असेल, तर बदलाच्या खर्चाची नव्या यंत्राच्या किंमतीशीं तुलना करूनच निर्णय घ्यावा. काम हंगाम संपल्यावर, कोठी रिकामी असतां काढावें.

शेवटीं, वायूचें व तेलाचें नांव, वजन आणि तारीख यंत्रावरील पट्टीवर व वहींत लिहून ठेवावी. फेरफाराची नोंद राहिली कीं पुढें तंटा उभा राहतो, हें जमीनधारकांस सांगणें नलगे. यंत्राचेंही तसेंच आहे. नोंद नसेल, तर पुढील कारागीर भलताच वायु भरील, आणि नुकसान मात्र आंत ठेवलेल्या मालाचें होईल.