भावाला प्रोटॉनसाठी मुंबईला न्यावं का?

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला गालाचा कर्करोग झाला. ऑपरेशन नीट पार पडलं, आता डॉक्टरांनी तीस दिवसांचा शेक सांगितला आहे. नातेवाईक म्हणतात, खारघरला प्रोटॉनचं मशीन आहे, तिथेच न्या, तोंड कोरडं पडणार नाही. नेहमीचा शेक आणि हा कणांचा शेक यांत खरंच किती फरक आहे? जबलपूर सोडावं का?
– एक वाचक, राइट टाउन, जबलपूर

उत्तर : तुमच्या भावासाठी मशीनच्या नावापेक्षा दोन गोष्टी जास्त मोलाच्या आहेत. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावा आणि सुरू झाल्यावर त्यात खंड पडू नये. आयएमआरटी या क्ष-किरणांच्या सुधारित पद्धतीचा चांगला शेक जवळ मिळत असेल, तर प्रोटॉनचा नंबर लागेपर्यंत थांबू नका.

नेहमीच्या शेकात लिनॅक मशीनमधून क्ष-किरण सोडतात. कातडीखाली एक-दीड सेंटिमीटरवर त्यांची मात्रा सर्वांत जास्त असते. पुढे ती कमी होत जाते, पण किरण शरीराच्या पलीकडे निघतातच. त्यामुळे लाळग्रंथी, जबडा, गिळण्याचे स्नायू यांनाही थोडीफार झळ लागते. प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर बरीचशी ऊर्जा एकदम सोडतो आणि तिथेच थांबतो. हा गुण उपचारासाठी वापरावा, असं भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६मध्ये सुचवलं. कार्बनचे कण त्याहून जड आणि जास्त मारक. जपानमध्ये चिबा इथे १९९४पासून ते वापरतात, भारतात ती सोय नाही. प्रोटॉन चेन्नईच्या अपोलोत २०१९पासून आणि टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात २०२३पासून मिळतो.

मात्र तुलना जुन्या शेकाशी करून चालणार नाही. आयएमआरटीत अनेक कोनांतून, प्रत्येक ठिकाणी कमी-जास्त मात्रा देऊन किरण सोडतात. ब्रिटनमधल्या २०११च्या एका चाचणीत वर्षभरानंतर तोंड फार कोरडं राहिलेले रुग्ण जुन्या पद्धतीत ७४ टक्के होते, आयएमआरटीत ३८ टक्के. म्हणजे मोठी सुधारणा या टप्प्यावरच झाली.

त्यापुढे प्रोटॉनने किती भर घातली? अमेरिकेत ४४० रुग्णांच्या चाचणीत आजार दोन्ही पद्धतींनी सारखाच आटोक्यात राहिला. प्रोटॉन घेतलेल्यांपैकी कमी जणांना नळीने अन्न द्यावं लागलं, आणि पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. ब्रिटनच्या ‘टॉर्पेडो’ चाचणीत मात्र वर्षभरानंतर नळीची गरज आणि जगण्याची गुणवत्ता दोन्ही गटांत सारखीच निघाली. या दोन्ही चाचण्या घशाच्या कर्करोगाच्या होत्या. तिकडे तो बहुतांशी एचपीव्ही विषाणूमुळे होतो. आपल्याकडचा गालाचा कर्करोग बहुधा तंबाखू-गुटख्यातून येतो आणि त्यात आधी ऑपरेशन करतात. त्यामुळे ते निष्कर्ष तुमच्या भावाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. शिवाय आजार एकाच बाजूला असेल, तर दुसऱ्या बाजूच्या लाळग्रंथी आयएमआरटीतही बऱ्याच अंशी वाचवता येतात. प्रोटॉननेही तोंड येतं, कातडी लाल होते. वजन घटून चेहऱ्याचा आकार बदलला, तर प्रोटॉनचा नेम जास्त चुकतो आणि आखणी नव्याने करावी लागते.

मग प्रोटॉनसाठी धावपळ कुणी करावी? कवटीच्या तळाशी, नाकामागच्या पोकळ्यांत, डोळ्याच्या नसेला किंवा मेंदूच्या देठाला खेटून गाठ असेल तर. रुग्ण लहान मूल असेल तर. आधी शेक घेतलेल्या जागी पुन्हा आजार उलटला असेल तर. अशा वेळी काही मिलिमीटरच्या फरकावर दृष्टी वाचणं अवलंबून असतं.

आता तुमचा निर्णय. भावाचा बायोप्सी आणि ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट घेऊन शेकाच्या डॉक्टरांना भेटा आणि तीन गोष्टी विचारा : इथे आयएमआरटी होते का, पहिला शेक कोणत्या तारखेला मिळेल, मशीन बंद पडलं तर पर्यायी सोय काय? जबलपूरला समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर पावणेतीनशे किलोमीटरवरच्या नागपूरला जा. तिथे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. हजार किलोमीटरवरच्या मुंबईत सहा आठवडे खोली घेऊन राहण्यापेक्षा हे घराला झेपणारं आहे. खारघरच्या डॉक्टरांचं मत हवंच असेल, तर आधी कागदपत्रं पाठवून सल्ला घ्या, तोवर इथली तयारी थांबवू नका.

शेक सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. किडलेले दात आधीच काढलेले बरे, कारण शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही अशी वेळ येऊ शकते. तोंड उघडण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून करायला लावा. वजन दर आठवड्याला तपासा. आणि तंबाखू आजपासून कायमची बंद, कारण ती चालू राहिली तर कोणत्याही शेकाचा गुण कमीच येतो.